ऋणमुक्तीचा मार्ग : जगाची साथ, आपली वही

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात वाचलेले भाषण)



वर्धापन दिनानिमित्त दोन शब्द बोला असे समितीने सांगितले, तेव्हा आम्ही तिघांनी ठरवले की उभे एकाने राहायचे, पण बोलणे तिघांचे असायचे. आम्ही तिघे म्हणजे विहारातल्या बचत गटांच्या वह्या लिहिणारी माणसे. एक निवृत्त शिक्षक, एक अंगणवाडी सेविका आणि एक हिंजवडीला कंपनीत जाणारा मुलगा. आम्ही काही विद्वान नाही. पण गेली कित्येक वर्षे दर महिन्याला लोकांचे पैसे मोजतो, लिहितो, वाचून दाखवतो. माणसाच्या घरात काय चालले आहे ते त्याच्या तोंडावर दिसत नाही, वहीत दिसते. म्हणून आज आम्ही वहीविषयीच बोलणार आहोत. विषय गरिबीचा आणि कर्जाचा आहे. वर्धापन दिनाला असा विषय काढला म्हणून कोणी रागावू नये.

मागच्या वर्षावासातली गोष्ट. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन चालू होते. आपल्या वस्तीतली एक आक्का, जी कधी वंदना चुकवत नाही, ती यायची बंद झाली. एक आठवडा गेला, दोन गेले. आम्हाला वाटले तब्येत बरी नसेल. मग कुणीतरी सांगितले, "ती मागच्या गल्लीनं जाते. विहाराच्या पुढून जायची तिला लाज वाटते." आम्ही घरी गेलो. आधी काही बोलेना. शेवटी डब्याच्या फळीवरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आमच्या पुढ्यात ठेवली. पिशवीत तीन निरनिराळ्या कंपन्यांची हप्त्यांची कार्डे होती. चौथ्या कर्जाचा कागदच नव्हता. ते खाजगी सावकाराचे होते आणि त्याच्याकडे तिचा कोरा सही केलेला चेक होता.

आम्ही तिथेच जमिनीवर बसून हिशेब मांडला. सावकाराचे वीस हजार, दर महिना शेकडा दहा रुपये व्याजाने. म्हणजे महिन्याला २,००० रुपये नुसते व्याज. तिने असे चौदा महिने भरले होते. चौदा दुणे अठ्ठावीस, २८,००० रुपये गेले आणि वीस हजार जिथल्या तिथे उभे. त्या व्याजासाठी आणि घरखर्चासाठी तिने एकामागून एक तीन कंपन्यांची कर्जे काढली होती. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. त्या तिघांचे हप्ते मिळून महिन्याला ६,५००. सगळे मिळून ८,५००. आणि कंत्राटदाराकडून साफसफाईच्या कामाचा तिच्या हाती येणारा पगार १२,०००. राहिले साडेतीन हजार, आणि खाणारी तोंडे पाच.

आम्ही विचारले, "आक्का, एवढं होईपर्यंत आम्हाला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "सांगितलं होतं की." आणि मग आमच्या माना खाली गेल्या. कारण ते खरे होते. तिचा नवरा बांधकामावर परातीवरून पडला, पाय मोडला, दवाखान्यात अनामत भरायची होती. तेव्हा तिने आपल्याच गटाकडे पंधरा हजारांचा अर्ज केला होता. आम्ही वही उघडली, तिची दोन महिन्यांची बचत थकलेली दिसली, आणि नियमावर बोट ठेवून आम्ही अर्ज नामंजूर केला. नियम आम्हीच केलेला होता. त्याच संध्याकाळी ती सावकाराकडे गेली. सावकाराने काही विचारले नाही. फक्त चेकवर सही घेतली.

ही गोष्ट सांगायला तिची परवानगी आहे. ती म्हणाली, "सांगा, पण नाव सांगू नका." आम्ही सांगतो आहोत ते तिच्याविषयी नव्हे, आमच्याविषयी. आणि तुमच्याविषयीही. कारण आज या मांडवात बसलेल्या किती घरांत अशी पिशवी आहे, हे ज्याचे त्याला माहीत. कर्ज हे अंधारात वाढते. ज्या दिवशी माणूस ते चार माणसांपुढे मांडतो, त्या दिवसापासून ते कमी व्हायला लागते. आम्हाला आज एवढेच सांगायचे आहे. बाकी जे बोलू ते याचे दाखले समजा.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत एक सुख ऋण नसल्याचे आहे. पाली भाषेत त्याला अनणसुख म्हणतात. दुसऱ्या एका सुत्तात त्यांनी दारिद्र्याची पायरी-पायरीने वाट दाखवली आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वर्णन आमच्या आक्काच्या पिशवीला तंतोतंत लागू पडते. कर्ज हा नशिबाचा किंवा मागच्या जन्मीच्या पापाचा भाग आहे असे तिथे कुठेही नाही. त्याला कारण आहे, आणि ज्याला कारण आहे त्याला उपायही आहे.

आता कारण शोधायला गेले की ते नुसते आपल्या घरात सापडत नाही. कधी कधी ते सात समुद्रांपलीकडे सापडते. आपल्याच पुणे जिल्ह्यातले सुपे घ्या. आज ते बारामती तालुक्यात आहे. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेला. त्यांना पाहिजे होते ते कागद. रोखे आणि चोपड्या बाहेर काढून त्यांची होळी केली. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरले. इंग्रजांनी त्याला दख्खनचे दंगे असे नाव दिले.

हे का घडले? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाला तोटा राहिला नाही. सावकार आपण होऊन कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाला, इथले भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला. आणि नेमक्या त्या वेळी सावकाराने हात आखडला. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे असावी असा १८५९ चा कायदा होता. कर्जदाराच्या पाठीवर व्याज साठत जाऊ नये हा त्याचा हेतू. पण सावकाराने पळवाट काढली. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवायचे, नवा रोखा करायचा, नवा अंगठा घ्यायचा. म्हणजे बघा, युद्ध अमेरिकेत, गिरणी इंग्लंडमध्ये आणि अंगठा सुप्याच्या शेतकऱ्याचा.

दंग्यांनंतर चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. कोर्टाला कर्जाचा मागचा सगळा हिशेब तपासता येऊ लागला, कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. हे मोठेच काम झाले. पण कागद जळाला तरी कागद लिहिणारा हात दुसऱ्याचाच राहिला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच दुखण्यावर बोट ठेवण्यासाठी. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे कर्ज दुसराच लिहितो.

आपल्या समाजाची गोष्ट तर त्याहून वेगळी. आपल्या आजा-पणजाला सावकाराने मोठे कर्ज दिलेच नसते, कारण तारण काय ठेवणार? आपल्याला बांधून ठेवायला महारवतन होते. तुकडाभर जमीन, थोडे बलुते आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस राबणूक. वतन म्हणजे कधीच न फिटणारे कर्ज, जे बापाकडून पोराकडे आपोआप चालत येई. परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. वतने संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तोवर बाबासाहेब आपल्यातून गेले होते.

आणि आपली मुळशी? मुळशी सत्याग्रह आपण शाळेत शिकलो. टाटा कंपनीचे धरण, मुंबईला वीज, आणि पाण्याखाली जाणारी सुमारे पन्नास गावे. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी पुढारपण केले, बापटांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली. हे सर्व आपल्याला पाठ आहे. पण एक गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा अभ्यास करून ती मांडली आहे. मुळशीच्या खोऱ्यातली बरीचशी जमीन त्या आधीच कर्जापायी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. मावळा जमीन कसत होता, पण कागदावर नाव दुसऱ्याचे. मावळ्याचे म्हणणे होते, जीव देऊ पण जमीन देणार नाही. सावकाराचे म्हणणे होते, भाव काय देता ते बोला. शेवटी कंपनीने सावकारांशी बोलणे केले आणि लढ्याचा कणा मोडला. ज्याचे नाव कागदावरच नाही, अशा भूमिहीनाला तर कोणी विचारलेही नसेल.

बंधूंनो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. धरणाच्या पाण्याच्या आधी कर्जाचे पाणी खोऱ्यात शिरले होते. कर्जाने माणसाची जमीन जाते हे खरे, पण त्या अगोदर त्याचा आवाज जातो. त्याच्या जमिनीविषयी बोलायला दुसरा माणूस बसतो.

जे माणसाचे तेच देशाचे. १९९१ साली आपल्या देशाकडे परदेशी चलन इतके कमी उरले की सरकारला सोने गहाण टाकावे लागले. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून पैसे उभे केले. आपल्या आयाबाया पोराच्या फीसाठी डोरले घेऊन सोनाराकडे जातात, तसा अख्खा देश गेला. २०२२ साली आपल्या शेजारच्या श्रीलंकेने परदेशी कर्ज फेडणे थांबवत असल्याचे जाहीर केले. आपल्यातली काही मंडळी अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला वंदन करून आली आहेत. त्या देशात पेट्रोलसाठी, गॅससाठी, औषधासाठी माणसे रांगेत उभी राहिली. कर्ज काढले राज्यकर्त्यांनी, रांगेत उभा राहिला हातावर पोट असणारा.

पण याच जगात दुसरेही काही घडले. गरीब देशांची न फिटणारी कर्जे सन २००० पर्यंत माफ करा, अशी मागणी घेऊन देशोदेशींची माणसे एकत्र आली. ज्युबिली २००० असे त्या चळवळीचे नाव. १६ मे १९९८ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात श्रीमंत देशांचे पुढारी जमले असताना हजारो सामान्य माणसांनी हातात हात घालून साखळी केली. त्यात शिक्षक होते, पाद्री होते, म्हातारी माणसे होती. कर्ज त्यांचे नव्हते, पण ते दुसऱ्यासाठी उभे राहिले. पुढे १९९९ आणि २००५ साली कित्येक गरीब देशांची बरीच कर्जे माफ झाली. सगळा प्रश्न सुटला नाही. पण एकट्या कर्जदाराचे कोणी ऐकत नाही, चारजण बरोबर उभे राहिले की ऐकतात, हे साऱ्या जगाने पाहिले.

आता उपायाकडे येऊ. तोही अर्धा बाहेरून आलेला आणि अर्धा इथला आहे. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात रायफायझेन नावाचे एक ग्रामप्रमुख होते. त्यांनी गावातल्या शेतकऱ्यांना सांगितले, एकेकटे सावकाराकडे जाऊ नका, सगळे मिळून एकमेकांना जामीन राहा. त्यातून पतपेढ्या निघाल्या. तो विचार इथे आला आणि १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. पण गावच्या सोसायटीत ज्याच्या नावावर जमीन त्याची पत. आपल्या भूमिहीन माणसाला, आणि कुठल्याही समाजातल्या बाईला, तिथे दार नव्हते.

ते दार बचत गटाने उघडले. आपल्याच जिल्ह्यात राजगुरुनगरला डॉ. सुधा कोठारी यांच्या 'चैतन्य' संस्थेने बायकांचे गट बांधायला सुरुवात केली. १९९२ साली नाबार्डने गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तारण नाही, जमीन नाही. वही नीट असली की बँक कर्ज देते, असे पहिल्यांदाच झाले. आपल्या राज्याचे महिला आर्थिक विकास महामंडळ, ज्याला आपण माविम म्हणतो, त्याने २००७ पासून तेजस्विनी कार्यक्रम राबवला. त्याला संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीची मदत होती. हा निधी रोमला आहे. रोमची मदत आणि गावच्या बाईची महिन्याची बचत एका वहीत आली. जगाची साथ म्हणतात ती याला.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. १९८० साली इंग्लंडमधल्या काही बौद्ध तरुणांनी भारतातल्या आपल्या बांधवांसाठी काम सुरू केले. पुढे ते करुणा ट्रस्ट म्हणून ओळखले जाऊ लागले. ती मुले तिथे दारोदार फिरून लोकांना भेटत, काम समजावून सांगत आणि दरमहा थोडी थोडी मदत मागत. त्या पैशातून बहुजन हिताय या नावाने पुण्यात दापोडीला आरोग्याचे काम उभे राहिले, बालवाड्या चालल्या, मुलामुलींची वसतिगृहे निघाली. आता आपण नीट विचार करू. आपल्याकडे कर्ज कशापायी होते? आजारपणापायी, शिक्षणापायी आणि लग्नापायी. त्यातली पहिली दोन कारणे दवाखान्याने आणि वसतिगृहाने कमी होतात. वसतिगृहात राहिलेल्या मुलाच्या बापाला सावकाराचा उंबरठा चढावा लागला नाही. चांगली मदत ती, जी माणसाला पुन्हा मागायला लावत नाही.

स्वतः बाबासाहेबांचे उदाहरण आहे. १९१३ साली ते अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. पण लंडनचे शिक्षण शिष्यवृत्ती संपल्याने अर्धवट सोडून त्यांना परत यावे लागले. मग त्यांनी सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, काटकसर केली आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. त्या वेळी त्यांच्या गाठीला काय होते? स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज. बचत, मदत आणि मित्राचे कर्ज, तिन्ही एकत्र आले तेव्हा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ झाला. कर्ज वाईट नसते. कोणाकडून, कशासाठी आणि किती, हे तीन प्रश्न न विचारता काढलेले कर्ज वाईट.

आणि इथेच सावध राहायला हवे. बांगलादेशात १९७६ साली प्रा. मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावातल्या गरिबांना छोटी कर्जे देऊन सुरुवात केली, त्यातून ग्रामीण बँक झाली, २००६ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. जगभर त्याचे अनुकरण झाले. पण अनुकरण करताना पुष्कळांनी कर्ज घेतले आणि करुणा तिथेच ठेवली. २०१० साली आंध्र प्रदेशात हप्त्यांच्या तगाद्याने आत्महत्या झाल्या, सरकारला वटहुकूम काढावा लागला. आज आपल्या वस्तीत मोटारसायकलवरून येणारे साहेब दहा बायका गोळा करतात आणि त्यालाही गटच म्हणतात. बायांनो, त्या गटात बचत कुठे आहे? वही कोणाकडे आहे? व्याज कोणाच्या घरी जाते? आपल्या गटातले व्याज फिरून आपल्याच पेटीत येते. नाव एक असले म्हणून वस्तू एक होत नाही.

सगळ्याच कंपन्या लबाड आहेत असे आमचे म्हणणे नाही. अडीअडचणीला त्यांचे पैसे उपयोगीही पडतात. पण आपले हक्क आपल्याला माहीत पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून सूक्ष्म कर्जासाठी नियम लागू केले आहेत. अशा कर्जाला तारण मागता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. आक्काच्या घरात तेव्हा तिचा एकटीचा बारा हजारांचा पगार येत होता आणि नुसते कंपन्यांचे हप्ते साडेसहा हजार होते. निम्म्याच्या वर. मग कर्ज मंजूर झाले कसे? फॉर्मवर उत्पन्न वाढवून लिहिले होते. सही तिची होती, वाचले मात्र तिने नव्हते. जोतीरावांचा असूड आजही आपल्याच पाठीवर आहे. आणि खाजगी सावकारासाठी महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियंत्रण कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल तर ती परत मिळण्याची तरतूदही त्यात आहे.

आता आक्काचे पुढे काय झाले? आम्ही गटाची खास सभा घेतली आणि सर्वांपुढे आमची चूक कबूल केली. अठरा बाया होत्या. एकीने उठून म्हटले, "माझंबी एक कार्ड हाय." मग दुसरी उठली. त्या दिवशी सात जणींनी आपापल्या पिशव्या आणल्या. गटाने आक्काला वीस हजार दिले, महिना शेकडा एक रुपया व्याजाने. पाच वडीलधारी माणसे घेऊन आम्ही सावकाराकडे गेलो, परवाना आहे का विचारले, मुद्दल मोजून दिले आणि चेक परत आणला. आरडाओरडा झाला नाही. एवढी माणसे एकदम दारात आलेली त्याने कधी पाहिली नव्हती. आक्का आता गटाला महिन्याला तेच २,००० रुपये भरते. ज्या दोन हजारांनी चौदा महिन्यांत मुद्दलातला एक रुपया हलला नव्हता, त्याच दोन हजारांनी अकराव्या महिन्यात सगळे कर्ज व्याजासकट फिटते. हिशेब घरी करून पाहा. कंपन्यांचे हप्ते अजून चालू आहेत, ते काही आम्ही जादूने उडवले नाहीत. पण ती आता विहाराच्या पुढून जाते.

सगळ्यांच्या बाबतीत आम्हाला हे जमलेले नाही. एका घराचे आम्हाला कळले तेव्हा गुंठे विकून झाले होते आणि घराला कुलूप होते. हिंजवडी, माण, मारुंजीकडे जमिनीला भाव आला, आपल्या तालुक्यात गुंठामंत्री हा शब्द निघाला. किती गुंठामंत्र्यांच्या दारातली गाडी हप्त्यापायी ओढून नेली, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पैसा आला तरी वही नसली की तो थांबत नाही.

म्हणून समितीपुढे आम्ही पाच सूचना ठेवतो. पहिली, दर पौर्णिमेला वंदनेनंतर गटांची वही मोठ्याने वाचावी, पण थकबाकीदाराला हिणवण्यासाठी नव्हे, त्याला कसे उभे करायचे ते ठरवण्यासाठी. दुसरी, आजारपणासाठी वेगळा संकट निधी असावा, त्यातून एका दिवसात पैसे मिळावेत, आणि थकबाकीचा नियम त्याला लागू नसावा. तिसरी, कोणत्याही कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद विहारात आणावा. आपली शिकलेली मुले रविवारी बसतील आणि वाचून समजावून सांगतील. चौथी, लग्ने विहारात साधेपणाने व्हावीत आणि जयंतीच्या डी.जे.साठी कोणी उसनवारी करू नये. बाबासाहेबांना डी.जे.चा आवाज नको होता, आपला आवाज हवा होता. पाचवी, आपली जी मुले कंपन्यांत लागली आहेत, काही परदेशी गेली आहेत, त्यांनी दरमहा ठरावीक रक्कम या निधीत द्यावी. उपकार म्हणून देऊ नये. इंग्लंडमधली अनोळखी मुले आपल्यासाठी दारोदार फिरली, मग आपल्या मुलांनी आपल्या गल्लीत का फिरू नये? आणि त्यांच्या पैशाचा हिशेबही त्याच वहीत, सर्वांदेखत लिहिला जाईल.

जुन्या माणसांना आठवत असेल, हा विहार उभा राहिला तेव्हा देणगीदार कोणी नव्हता. घरोघरी रोजच्या शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायची आणि आठवड्याने गोळा करायची. त्या मुठीच्या तांदळावर पहिल्या विटा आल्या. मुठीने विहार बांधता येतो, तर मुठीने माणूसही सोडवता येतो. जगाची साथ जरूर घेऊ, तिचे मनापासून आभार मानू. पण ती साथ येऊन टेकणार कुठे? आपल्या वहीवरच ना? ती वही उघडी आणि स्वच्छ ठेवणे आपल्या हाती आहे.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर फळीवरची ती पिशवी खाली काढा. येत्या पौर्णिमेला ती घेऊन विहारात या. तुम्हाला कोणी हसणार नाही. हसायला आमच्याकडे तोंड नाही, आम्ही एकदा एकीला परत पाठवले आहे. पुन्हा कोणाला पाठवणार नाही, एवढा शब्द या विहाराच्या साक्षीने देतो आणि आमचे बोलणे संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!